बंद संहिता आणि जुने यंत्र

मुक्त आज्ञावलींचा इतिहास सांगताना स्वातंत्र्य, सहकार्य असे मोठे शब्द बहुधा आरंभीच येतात. वस्तुतः त्या इतिहासाच्या मुळाशी एक कुरकुरणारे छपाईयंत्र आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत फेरफार करून रिचर्ड स्टॉलमन यांनी कागद अडकल्याची सूचना संबंधितांपर्यंत पोहोचवण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना; ज्या संशोधकापाशी ती होती, तो गुप्ततेच्या कराराने बांधला गेला होता. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. बिघाड दिसतो आहे, दुरुस्तीची बुद्धी आहे, पण संहिता वाचायला मिळत नाही, अशी ही कोंडी.

लॅपटॉपच्या बाबतीत ती अधिकच आवळली गेली. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे प्रमाण प्रसिद्ध केले. पंखा केव्हा फिरावा, बॅटरीत किती वीज उरली, झाकण मिटताच यंत्राने काय करावे, हे सारे त्यानुसार फर्मवेअरमधील तक्त्यांत लिहिलेले असते. हे तक्ते अनेकदा सदोष असत. विंडोज नीट चालते एवढीच परीक्षा उत्पादकाने घेतलेली असे. फर्मवेअर प्रणालीला जणू विचारते, तू कोणती? लिनक्सने खरे नाव सांगितले, तर कोणी न तपासलेल्या वाटेने जावे लागण्याचा धोका. म्हणून लिनक्सचा गाभा विंडोजची नावे सांगतो आणि 'तू लिनक्स का?' या प्रश्नाला नकार देतो. झोपी गेलेला लॅपटॉप जागा का होत नाही, याचे उत्तर कधी कधी या नामांतराच्या नाट्यात सापडते.

बिनतारी जोडणीची कथा तर पाठचिकित्सकांनी आवर्जून वाचावी अशी. ब्रॉडकॉमच्या ४३०६ सारख्या चिप असंख्य लॅपटॉपांत होत्या. त्यांची तांत्रिक माहिती कंपनी देत नसे. विंडोजचा ड्रायव्हर 'एनडिसरॅपर' नामक वेष्टनात गुंडाळून लिनक्सवर चालवणे, हा एक तात्पुरता तोडगा होता. काही अभ्यासकांनी दुसरा मार्ग धरला. एका गटाने बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून, नवी आज्ञावली रचली. टीका वाचून मूळ ग्रंथ पुन्हा उभा करावा, तसेच हे. हा ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत आला. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः एक मुक्त ड्रायव्हर दिला खरा, पण तो नव्या चिपांसाठी. जुन्या यंत्रांच्या वाट्याला हे परिश्रमाने उभे केलेले भाष्यच राहिले.

आमच्या विभागातील लॅपटॉप त्याच काळातला, ३२ बिटी. विद्यार्थ्यांनी गावोगाव जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या टंकलिखित प्रती त्यावर आहेत. एकदा एका ओवीच्या दोन प्रतींत 'कळा' आणि 'गळा' असा भेद दिसला. अर्थ दोन्हींनी लागत होता. आम्ही त्याला प्रादेशिक पाठभेद म्हणून टिपेत जागा देण्याच्या बेतात होतो. परंतु दोन्ही प्रती एकाच टंकनाच्या, एक दुसरीवरून उतरवलेली! युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक ०९१५ आणि 'ग' चा ०९१७. दोहोंत अंतर अवघ्या एका बिटाचे. स्मृतीतला एक कण उलटला की 'क' चा 'ग' होतो, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही.

रात्रभर मेमटेस्ट चालवल्यावर दोष पुन्हा पुन्हा एकाच पत्त्याच्या आसपास निघाला. स्मृतीची ती चिप मुख्य फलकालाच सोल्डर केलेली; बदलणे आमच्या आवाक्याबाहेरचे. पण लिनक्सच्या गाभ्याला सुरुवातीलाच 'मेममॅप' ही सूचना देऊन तेवढे पत्ते वर्ज्य करता येतात. कसरीने खाल्लेले पान पोथीतून काढून टाकत नाहीत, तेवढी जागा सोडून पुढे वाचतात. गाभाही तेच करतो. मेमटेस्टची दुसरी रात्रभराची फेरी झाली, तेव्हाही दोष त्या वर्ज्य पट्ट्याबाहेर कोठे गेलेला नव्हता. मग सर्व ओव्या मूळ ध्वनिफितींशी पुन्हा ताडून पाहणे आले. हे काम आज्ञावलीवर सोपवता येत नाही. आतापर्यंत असे आणखी दोन 'पाठभेद' आम्ही रद्द केले आहेत. एका शब्दाविषयी मात्र फीतच अस्पष्ट असल्याने निर्णय झालेला नाही.

मुक्त प्रणालींचेही आयुष्य अमर्याद नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी जुन्या संगणकांवर नव्याने प्रतिष्ठापना करण्याची सोय काढून घेतली. आमचा लॅपटॉप डेबियन १२ वर थांबला आहे. ओव्यांची ताडणी त्याच्यावरच चालू आहे. निम्म्या फिती व्हायच्या आहेत.