लेगोच्या छोट्या गाडीत चालणारी यंत्रणा कशी बसवावी?



किचनरमध्ये बर्फ पडायला लागला की आपली मुलं घरात अडकतात आणि लेगोचे डबे बाहेर निघतात. गाडी छान दिसते, पण "हिचं स्टिअरिंग फिरत का नाही?" असा प्रश्न मुलांकडून आला की आई-बाबांची पंचाईत होते. टेक्निकचे मोठे संच न घेता, तळहाताएवढ्या गाडीतही एखादी गोष्ट खरीखुरी चालवता येते. त्यासाठी ही थोडी माहिती.

आधी मापं

लेगोच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिमी असतं. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि चपट्या पट्टीची ३.२ मिमी, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. भोकांचे दोन टेक्निक ठोकळे एकावर एक ठेवून मध्ये दोन पट्ट्या घातल्या, की त्यांच्या भोकांमधलं अंतर बरोबर १६ मिमी, म्हणजे दोन खुंट्यांएवढं होतं. दातेरी चाकं नीट जुळतात ती या हिशेबामुळे. ८ आणि २४ दात्यांची जोडी किंवा १६-१६ ची जोडी, दोन्हींना एवढंच अंतर लागतं.

रिक्षा : सर्वांत सोपं स्टिअरिंग

चारचाकीत दोन्ही पुढची चाकं एकदम वळवायची तर बरीच जागा जाते. आपल्या पुण्या-मुंबईच्या रिक्षाला पुढे एकच चाक! आडव्या ठेवलेल्या टेक्निक पट्टीच्या गोल भोकातून एक उभा दांडा घाला. खाली चाकाचा चिमटा, वर हँडल. झालं! आजी-आजोबा आले असतील तर रंग आणि मीटरची जागा त्यांनाच विचारा.

बर्फ ढकलणारा ट्रक

इथल्या मुलांचा हा रोजच्या ओळखीचा. ट्रकच्या लांबीत एक दांडा घालून त्यावर वर्म गिअर (स्क्रूसारखा आटे असलेला) बसवा. त्याच्यावर, दोन खुंट्यांच्या अंतरावर, आडव्या दांड्यावर २४ दात्यांचं चाक आणि त्याच दांड्याला पात्याचे हात जोडा. मागची मूठ २४ वेळा फिरवली तर चाकाचा एक फेरा होतो, म्हणून पातं ३० अंश उचलायला फक्त दोन फेरे पुरतात. पात्याच्या वजनाने वर्म उलटा फिरत नाही, त्यामुळे उचललेलं पातं आपोआप खाली पडत नाही. मात्र वर्मच्या दोन्ही बाजूंना बुश लावा, नाहीतर तो दांड्यावर सरकतो आणि पातं डुगडुगतं.

आयॉन ट्राम

२०१९ च्या जूनमध्ये सुरू झालेली आपली ट्राम पाच भागांची आहे. चाकं फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भागाखाली. मधले दोन शेजाऱ्यांच्या आधाराने लटकतात! मॉडेलमध्येही तसंच करा. सांध्याला फिरती चकती लावा आणि दोन भागांत एका खुंटीची फट ठेवा, म्हणजे वळताना कोपरे आपटत नाहीत. लटकता भाग कलत असेल तर छताजवळही एक सांधा द्या.

लक्षात ठेवा

- एका गाडीत एकच यंत्रणा. दोन घातल्या की दोन्ही अडकतात.
- आधी यंत्रणा, मग बॉडी. उलट केलंत तर शेवटी सगळं उचकटावं लागतं.
- दांडा बोटाने सहज फिरला पाहिजे. जड वाटला तर बुश किंचित सैल करा.
- तीन वर्षांखालच्या मुलांपासून बारीक तुकडे लांब ठेवा.

आणि हो, बनवताना मराठीतच बोला. दांडा, दाते, चिमटा, आटे, सांधा हे शब्द एरवी इथे मुलांच्या कानावर पडायची वेळ फारशी येत नाही. हाताने बसवलेल्या वस्तूचं नाव मात्र ती सहसा विसरत नाहीत.