‘कॉम्प्लेक्स’ कोणते आणि ‘कॉम्प्लिकेटेड’ कोणते?

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत ‘कॉम्प्लेक्स सर्जरी’ असे शब्द येतात आणि मराठी पानावर ‘गुंतागुंतीची शस्त्रक्रिया’ छापली जाते. त्याच बातमीत पुढे ‘कॉम्प्लिकेशन्स’ उद्भवल्याचा उल्लेख असेल, तर तिथेही ‘गुंतागुंत’च येते. पहिल्या ठिकाणी शस्त्रक्रिया मुळातच अनेक टप्प्यांची आणि कौशल्याची होती, एवढेच सांगायचे होते. दुसऱ्या ठिकाणी रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असे काहीतरी नको ते घडले होते. बातमी वाचणारा रुग्णाचा नातेवाईक असेल, तर हा फरक त्याच्यापुरता केवळ शब्दांचा राहत नाही.

अवघडपणा दर्शविणारी विशेषणे इंग्रजीत पुष्कळ आहेत: कॉम्प्लेक्स, कॉम्प्लिकेटेड, इंट्रिकेट, इलॅबरेट, कॉन्व्होल्यूटेड, नॉटी, शिवाय साधी डिफिकल्ट आणि हार्ड. कोशात ती एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेली आढळतात, त्यामुळे कोणतेही कुठेही चालेल असा समज होतो. निवड करताना विचारायचे ते इतकेच की, अवघडपणा नेमका कुठे आहे? वस्तूच्या घडणीत, तिच्यावर मागाहून आलेल्या प्रसंगात, की कुणाच्या करणीत?

कॉम्प्लेक्स आणि कॉम्प्लिकेटेड ही दोन्ही विशेषणे लॅटिनमधून आलेली. पहिल्याचे नाते ‘गुंफणे, विणणे’ या अर्थाच्या धातूशी, दुसऱ्याचे ‘घडी घालणे’ या अर्थाच्या धातूशी. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे खरे. पण व्याकरणातली एक खूण उपयोगी पडते. ‘कॉम्प्लिकेट’ हे रोजच्या वापरातले क्रियापद आहे आणि ‘कॉम्प्लिकेटेड’ हे त्याचे कृदंत. म्हणजे कुणीतरी किंवा कशाने तरी ती गोष्ट तशी केली, ही छटा त्यात राहते. ‘कॉम्प्लेक्स’ला तसे प्रचलित क्रियापद नाही. ती वस्तू तशीच असते. शाळेत शिकलेले मिश्र वाक्य हे इंग्रजी व्याकरणातले ‘कॉम्प्लेक्स सेंटेन्स’. ‘जेव्हा पाऊस आला, तेव्हा शाळा सुटली’ हे मिश्र वाक्य आहे, कारण त्यात एक प्रधान आणि एक गौण वाक्य गुंफलेले आहे. ते समजायला मात्र पहिलीतल्या मुलालाही कष्ट पडत नाहीत.

वैद्यकात ही छटा सर्वांत ठळक होते. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत ‘कॉम्प्लिकेटेड फ्रॅक्चर’ म्हणजे हाडाचे फार तुकडे झालेला अस्थिभंग नव्हे. मोडलेल्या हाडाने फुप्फुस, मज्जारज्जू, रक्तवाहिनी अशा जवळच्या अवयवाला इजा केलेला तो अस्थिभंग. ‘अनकॉम्प्लिकेटेड मलेरिया’ हा शब्दप्रयोग तर हमखास फसवतो. जागतिक आरोग्य संघटना तो गंभीर मलेरियाहून वेगळा दाखवण्यासाठी वापरते. मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांवर परिणाम झाल्याची चिन्हे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत ‘साधा हिवताप’ लिहिले की घरी पडून राहिले तरी भागेल असे वाचकाला वाटते. फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप उपचाराविना काही दिवसांत गंभीर होऊ शकतो. म्हणून ‘गंभीर लक्षणे नसलेला हिवताप’ असे लांबलचक का होईना, पण तेच लिहावे.

दोन्ही शब्द एकाच बातमीत शोभतील असे उदाहरण गोमंतकीय वाचकाच्या घरातच सापडते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आपली वारसा पद्धत ‘कॉम्प्लेक्स’ आहे. वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, मृत्युपत्र करणाऱ्याला सामान्यतः आपल्या निम्म्याच हिश्श्याची मुभा, उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव, आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरीची प्रक्रिया. हे सारे एकमेकांत विणलेले आहे, पण त्याला शिस्त आहे. मात्र एखाद्या घरात तीन पिढ्या इन्व्हेंटरीच झाली नाही, वारसांपैकी काही लिस्बनला, काही आखातात, आणि मधल्या काळात कुणी तोंडी कबुलीवर जमिनीचा तुकडा विकून टाकला, तर ते प्रकरण ‘कॉम्प्लिकेटेड’ झाले. कायदा गुंफलेला, गुंता घरच्यांनी केला.

घड्याळजींची भाषा मात्र याला अपवाद. तास-मिनिटांपलीकडे तारीख, चंद्रकला वगैरे दाखवणारी प्रत्येक सोय त्यांच्या लेखी ‘कॉम्प्लिकेशन’, आणि ती जितकी अधिक तितकी किंमतही अधिक.

‘इंट्रिकेट’ हा बहुधा डोळ्यांनी टिपायच्या बारकाव्यांचा शब्द. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिराच्या छतावरले कमळ इंट्रिकेट आहे; त्याला ‘गुंतागुंतीचे कोरीवकाम’ म्हणणे म्हणजे शिल्पकाराचा हात चुकला असे सुचवणे. ‘नाजूक’ किंवा ‘बारीक नक्षीचे’ हे शब्द आपल्याकडे असताना ती वेळ येऊ नये. ‘इलॅबरेट’मध्ये तर अडचण अशी नसतेच, घेतलेले श्रम असतात. इलॅबरेट तयारी म्हणजे जय्यत तयारी आणि इलॅबरेट पूजा म्हणजे साग्रसंगीत पूजा.

‘नॉटी’ हा गाठीवरून आलेला शब्द मराठीत जसाच्या तसा घेता येत नाही, कारण देवनागरीत तो खट्याळ मुलाच्या विशेषणासारखाच दिसतो. सुदैवाने त्याची गरजही नाही. जागावाटपाचा ‘तिढा’ मराठी वृत्तपत्रांनी इतका वापरला आहे की इंग्रजी शब्द त्यापुढे फिका वाटावा.

उरला ‘कॉन्व्होल्यूटेड’. मेंदूच्या वळ्यांचे वर्णन करताना तो निरुपद्रवी असतो. एरवी तो दोषारोप आहे. युक्तिवाद, कथानक किंवा परिपत्रक कॉन्व्होल्यूटेड आहे असे म्हणताना, ते सरळ होऊ शकले असते आणि कुणी तरी होऊ दिले नाही, असे लेखक म्हणत असतो. ‘द्राविडी प्राणायाम’ हा त्याचा खरा मराठी भाऊ.

मराठीला हे भेद परके नाहीत. आपल्या समीक्षेत ‘व्यामिश्र’ हे गौरवाचे विशेषण आहे आणि ‘क्लिष्ट’ हे तक्रारीचे. मर्ढेकरांच्या कवितेवरचा दुर्बोधतेचा वाद याच दोहोंमधल्या जागेवर झाला. क्लिष्टच्या मुळाशी क्लेश आहेत, जटिलच्या मुळाशी जटा. ‘किचकट’ कामात बुद्धीपेक्षा चिकाटी अधिक लागते. म्हणून अर्ज किचकट असतो, सिद्धान्त सहसा नसतो. वृत्तपत्रांनी ही सगळी माणसे घरी बसवून एकट्या ‘गुंतागुंतीचे’ला राबवले आहे.

त्याचा लाभ कुणाला होतो, हे नुकसानभरपाईच्या बातम्यांत दिसते. ‘द मॅटर इज कॉम्प्लेक्स’ हे अधिकाऱ्यांचे आवडते वाक्य, कारण कॉम्प्लेक्स गोष्टीला कर्ता नसतो. त्याच नस्तीत एक दाखला तीनदा मागितला गेला असेल आणि दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर ते प्रकरण कुणी तरी कॉम्प्लिकेट केलेले असते. अशा वेळी उपसंपादकाने अधिकाऱ्याचे विशेषण त्याच्या नावावर, अवतरणचिन्हांतच ठेवावे आणि पुढच्या वाक्यात अर्जाची तारीख द्यावी.