जुन्नरी कागद आणि नव्या चाकरीची अर्जी

जुन्नरचे नाव निघाले की शिवनेरी आठवते, लेण्याद्री आठवते, नाणेघाट आठवतो. कागद मात्र सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक येथील हातकागद एके काळी दख्खनभर नावाजलेला होता. कागदी लोक लगदा कुटीत, चौकटीवर ताव उचलीत, खळ लावून घोटीत. आणि पेशवाईच्या दप्तरांत ‘जुन्नरी’ ही कागदाची एक जातच होऊन बसली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. ३ जून रोजी दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांना सालीना आठ लाखांची नेमणूक मिळाली. पण मागे राहिलेले कारकून, शिलेदार, गडांवरचे शिबंदीचे लोक यांच्या पोटाचे काय? एल्फिन्स्टनने जुनी घडी शक्य तेवढी ठेवली. मामलेदार व कारकून कंपनी सरकारलाही हवेच होते. लेखणीवाल्याला वाट होती, आणि ती अर्जीतून जात होती.

जुन्या अर्जीचा थाट पाहण्यासारखा असे. माथ्यावर श्रीकार, मग धन्याच्या पदव्या, मग साष्टांग नमस्कारपूर्वक विज्ञापना. त्यानंतर आजोबांनी कोठे सेवा केली, वडिलांनी काय सोसले, याचा पाढा; आणि शेवटी कुटुंबाचे चालवावे, ही विनंती. अर्जदाराला स्वतःला काय येते, याला फार तर एखादी ओळ! यात लबाडी नव्हती. चाकरी घराण्याकडे चालत असे, म्हणून अर्जीही घराण्याची असे.

नवा साहेब मात्र तुमच्या आजोबांना ओळखत नव्हता. हळूहळू प्रश्न बदलला: तू कोणाचा, हे मागे पडले, तुला काय येते, हे पुढे आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, आणि अर्जात परीक्षेचे नाव येऊन बसले.

परंतु ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती, त्यांनी काय करावे? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांतले महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या गड राखीत आले होते. गड मोडले, शिबंदी सुटली, नेमणुका घटल्या. सह्याद्रीची प्रत्येक चोरवाट त्यांना ठाऊक होती. पण ही विद्या कोणत्या अर्जात लिहावी? १८२८ साली रामजी भांगरे यांच्याबरोबर कोळ्यांनी बंड उभारले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. ज्याचे म्हणणे कागदावर येत नाही, त्याचे म्हणणे शेवटी रानातून ऐकू येते.

आजही धंदा बदलणारा माणूस त्याच पेचात असतो. जुन्या कामात हाताला लागलेले वळण अनोळखी माणसाला चार ओळींत पटवायचे असते. पदव्यांची यादी सोपी. हे वळण सांगणे अवघड, पण नोकरी देणाऱ्याला तेच हवे असते.

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर एखादा मोडी कागदांचा रुमाल सापडला, तर तो रद्दीत घालू नका. कोणा जाणत्याकडून वाचून घ्या. त्यात आपल्याच एखाद्या पणजोबांची, नव्या राज्यात पोटाची वाट शोधणारी अर्जी असायची!