मांसास चोळावयाचा मसाला : घरचा की बाजारचा?

गेल्या चार जुलैच्या सुट्टीत आमच्या जावयांनी अंगणात धुरावर मांस शिजविण्याची पेटी मांडली आणि ब्रिस्केटचा, म्हणजे छातीच्या गोमांसाचा, मोठा तुकडा आणला. अशा मांसास आदल्या रात्री कोरडा मसाला चोळून ठेवावा लागतो. जावयांनी दुकानातून तयार मसाल्याची बरणी आणली होती. मुलीने धणे व मिरे भाजून खलबत्त्यात कुटले होते. दोघांचेही मन राखावे म्हणून तुकड्याचे दोन भाग केले. संध्याकाळी पाहतो तो बरणीच्या मसाल्याचा भाग इतका खारट झालेला, की मुलांनी तो पानात तसाच टाकला. मी पडले शिक्षिका. कारण शोधल्यावाचून मला चैन पडेना. त्या शोधात जो इतिहास हाती आला, तो आपल्या वाचकांस रुचेल असे वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मांसास मसाला चोळून धुरी देण्याची रीत आपल्या कोकणच्या घरांची नव्हे. आपले मटण नारळाच्या दुधात, रश्श्यात शिजणारे. शिवाय शेजारधर्म म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत गोमांस येतच नसे. परंतु अमेरिकेतील यहुदी समाजात ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुमानियातून आलेल्या यहुद्यांनी ‘पास्त्रामी’ न्यूयॉर्कला आणली. तुर्कांच्या ‘पास्तिर्मा’ या शब्दाशी तिचे नाते आहे. मायदेशी हे लोक हंसाचेही मांस असे टिकवीत; येथे गोमांस स्वस्त मिळाल्याने तेच रूढ झाले. मांस खारवावयाचे, त्यावर जाडसर कुटलेले धणे, मिरे व लसूण चोळावयाचे, मग धुरी द्यावयाची आणि शेवटी वाफवावयाचे, असा हा क्रम. न्यूयॉर्कमध्ये १८८८ साली स्थापन झालेले कॅट्झचे दुकान आजही पास्त्रामीसाठी प्रसिद्ध आहे. धणे आणि मिरे! म्हणजे आपल्याच डब्यातील दोन जिन्नस.

त्या काळी दळलेला मसाला विकत घेणे हा धोक्याचा व्यवहार होता. मिऱ्यांच्या पुडीत टरफले व भुसा मिसळण्याचे प्रकार सर्रास चालत. १८८७ साली अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याने मसाल्यांतील भेसळीवर खास अहवाल प्रसिद्ध केला आणि १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा झाला. याच सुमारास तयार मसाल्याचा धंदा उभा राहिला. विलोबी मॅकॉर्मिक यांनी १८८९ साली बाल्टिमोर येथे अर्क व सरबते विकण्यास आरंभ केला आणि १८९६ मध्ये मसाल्याची एक कंपनी विकत घेतली. टेक्सासमध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थांनी १८९० नंतरच्या दशकात मिरची व जिरे यांची मिश्र पूड बाटलीत भरून विकली. भेसळीस कंटाळलेल्या गृहिणीला मोहोरबंद डबा म्हणजे विश्वासाची खूण वाटली. तेव्हा बाजारचा मसाला हा केवळ आळसाचा परिणाम, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

याहून बोलके उदाहरण गुस्ताव ब्रुन यांचे. हे जर्मनीतील वेर्थहाइमचे यहुदी, मसाल्याचे व्यापारी. नोव्हेंबर १९३८ च्या अत्याचारांत त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेण्यात आले. सुटका झाल्यावर ते सहकुटुंब बाल्टिमोरला आले. सोबत मसाला दळण्याचे लहानसे हातयंत्र होते. १९३९ साली त्यांनी मासळीबाजारासमोर मसाल्याची कंपनी काढली. त्यांचे ‘ओल्ड बे’ नावाचे मिश्रण घरोघर पोहोचले. ते मुख्यतः खेकड्यांसाठी विकले गेले, जे आपल्याला निषिद्ध, हा दैवाचा विनोदच! १९९० साली ते मॅकॉर्मिक कंपनीने विकत घेतले. आज दुकानात दिसणारी ती पिवळी डबी कोणा निर्वासिताच्या हाताचे प्रमाण आहे, हे किती जणांस ठाऊक असेल? बाजारचा मसाला हा मुळात कोणाचा तरी घरचाच मसाला असतो. फरक इतकाच, की प्रमाण ज्याचे त्याच्याकडे राहते आणि आपल्याकडे बरणी येते.

आता आमच्या खारट तुकड्याचे कारण. अमेरिकेच्या कायद्यानुसार डब्यावरील जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आमच्या बरणीवर पहिला शब्द होता ‘मीठ’, दुसरा ‘साखर’. कोशेर मांस अर्धा तास भिजवून, तासभर मिठात ठेवून, मग धुतलेले असते. त्यात काही मीठ उरतेच. त्यावर पुन्हा मिठाचा मसाला चोळला, तर दुसरे काय होणार? मीठ मांसात खोलवर शिरते; मिरे, धणे, मिरची मात्र पृष्ठभागावरच राहतात. म्हणून मीठ वेगळे मोजावे आणि मसाला ताजा कुटावा, यात शहाणपण आहे. दळलेल्या मसाल्यातील सुगंधी तेल लवकर उडून जाते. शिवाय काही तयार मिश्रणांत दुग्धजन्य पदार्थ असतात. म्हणून कोशेरचे चिन्ह पाहावे आणि त्यापुढे ‘डी’ हे अक्षर असल्यास ती बरणी मांसासाठी घेऊ नये.

या वादाचा समंजस निकाल मला टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे आढळला. तेथील आन्शेई स्फार्ड–बेथ एल एमेथ या सिनेगॉगने १९८८ साली धुरावरच्या कोशेर मांसाची स्पर्धा सुरू केली. कश्रूथ राखण्यासाठी मांस, मसाले आणि शेगड्या सिनेगॉगच पुरविते. स्पर्धकांनी घरून काही आणावयाचे नसते. मात्र त्या जिनसांचे मिश्रण प्रत्येक चमू आपल्या प्रमाणाने करतो. जिन्नस बाजारचे, प्रमाण आपले!

मला वाटते, आपल्या घरांसाठीही हाच धडा आहे. आपल्या आया उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, लालबागच्या डंकावर वर्षाचा मसाला कुटवून आणीत. “किती घालायचे?” असे विचारले, की “अंदाजाने” हे उत्तर ठरलेले. त्या अंदाजाची वही कोणी केली नाही. माझ्या आईचा मसाला तिच्याबरोबरच गेला. मी शिक्षिका असूनही तो लिहून घेतला नाही, याची खंत मला आहे. सवड नसेल त्याने बरणी अवश्य घ्यावी, त्यात कमीपणा नाही. परंतु निदान एकदा मुलांना जवळ बसवून धणे भाजावेत, कुटावेत आणि प्रमाण लिहून ठेवावे.

आमच्या वहीत आता पहिली नोंद झाली आहे : धणे चार चमचे, मिरे दोन, जिरे एक, लाल मिरची एक, लसूण सहा पाकळ्या, मीठ नेहमीच्या निम्मे. खाली मुलीने तारीख घातली आहे.