मुक्ती मिशन (केडगाव)

मुक्ती मिशन ही पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी स्थापन केलेली ख्रिस्ती सेवासंस्था आहे. दुष्काळपीडित मुली, विधवा आणि निराधार स्त्रिया यांना आसरा, शिक्षण व उपजीविकेचे साधन देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची उभारणी झाली. ख्रिस्ताचा संदेश सांगणे आणि गरजू माणसाची सेवा करणे ही दोन वेगळी कामे नाहीत, या धारणेवर संस्थेचे दैनंदिन जीवन आधारलेले होते. हीच धारणा महाराष्ट्रातील सुधारकांशी झालेल्या तीव्र मतभेदाचेही कारण ठरली.

पार्श्वभूमी

रमाबाईंचा (१८५८–१९२२) जन्म संस्कृत विद्वान अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. दुष्काळात मुलींची काय अवस्था होते, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. पुढे कोलकात्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. विवाहानंतर दोनच वर्षांत, १८८२ मध्ये, पती बिपिन बिहारी मेधावी यांचे निधन झाले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागील एक अनुभव त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. वाँटेजच्या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे 'पतित' मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जाते, हे पाहून रमाबाई प्रभावित झाल्या. या वागणुकीचे कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखवण्यात आली. म्हणजे त्यांनी आधी सेवा पाहिली आणि तिचा अर्थ नंतर ऐकला. केडगावच्या कामाचा क्रमही बराचसा असाच राहिला.

शारदा सदनाचा वाद

अमेरिकेत स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवण्यात आले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते आणि महादेव गोविंद रानडे व रा. गो. भांडारकर हे तिच्या सल्लागार मंडळात होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. सल्लागारांच्या मते हा दिलेल्या आश्वासनाचा भंग होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, मुली आपापल्या धर्माचे आचार पाळण्यास मोकळ्या आहेत, मात्र स्वतःची श्रद्धा लपवण्याचे वचन आपण दिलेले नाही. 'केसरी'ने सदनावर कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रश्न केवळ एका दाराचा नव्हता. जी स्त्री पोटाला अन्न देते, अक्षरे शिकवते आणि जिच्याशिवाय दुसरा आधार नाही, तिच्या प्रार्थनेचे आकर्षण वाटणाऱ्या मुलीची निवड किती स्वतंत्र मानावी, हा त्यामागचा खरा पेच होता. तो त्या वेळी सुटला नाही.

दुष्काळ आणि केडगाव

असोसिएशनचे साहाय्य दहा वर्षांपुरते होते. त्यानंतर खर्च भागावा म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे रेल्वेमार्गाजवळ सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळबाग लावण्याचे ठरवले होते. १८९६–९७ च्या दुष्काळाने ही योजना पालटली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. विहिरी खोदल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या आणि वसतीला 'मुक्ती' हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. शारदा सदनही पुढे येथेच आले. येथे तटस्थतेचे बंधन नव्हते. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

दैनंदिन जीवन

मुक्तीत प्रार्थना आणि शाळा यांच्या जोडीला प्रत्येकीला काम असे. शेती, गाईम्हशींची निगा, विणकाम, शिवण, तेलघाणा, स्वयंपाक, धुणे, छपाई ही कामे स्त्रियाच करत. त्या काळी खिळे जुळवणे व छपाई हे पुरुषांचे काम समजले जाई, त्यामुळे मुक्तीचा छापखाना विशेष उल्लेखनीय ठरतो. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. फुलहॅमच्या धर्तीवर 'कृपा सदन', तर वृद्धांसाठी 'प्रीती सदन' असे विभाग निघाले. मोठ्या झालेल्या मुली नव्याने आलेल्यांना सांभाळत. कालची आश्रित आजची सेविका होई, आणि इतक्या मोठ्या वसतीचा कारभार त्यावरच चाले.

१९०५ मध्ये येथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्या सुमारास प्रार्थना गट तयार झाले आणि स्त्रिया आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यासाठी जाऊ लागल्या.

मराठी बायबल

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रियांना समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. स्वतः संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यात गेली. मुद्रण मुक्तीच्याच छापखान्यात झाले आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढील काळ

१९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेची धुरा ज्यांच्याकडे जायची होती त्या मनोरमाबाईंचे १९२१ मध्ये निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही वारल्या. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे काम आजही सुरू आहे.