अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा: एका अपवादाची घडण

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मिळणारा एफ-१ व्हिसा हा मुळात बंदीच्या कायद्यातला अपवाद आहे. परदेशी माणसांना रोखणारे कायदे एकामागून एक होत गेले आणि प्रत्येक कायद्यात विद्यार्थ्यांना मात्र सवलत मिळत गेली. त्या सवलतीसोबत आलेल्या अटीच आज आय-२०, स्टेटस, सेव्हिस या नावांनी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात असतात.

एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना अमेरिकेत उतरण्यासाठी व्हिसा लागतच नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि न्यू यॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्यांनी पदवी घेतली, पण या सगळ्यात कोणत्याही वकिलातीचा शिक्का त्यांना लागला नाही.

चिनी विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. आधीच्या तहामुळे शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि प्रवासी यांना सूट होती, पण ‘मी मजूर नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी येणाऱ्यावरच टाकलेली होती. १८८४ च्या दुरुस्तीनुसार त्याला आपल्या सरकारचे प्रमाणपत्र आणावे लागे आणि निघण्यापूर्वी अमेरिकी वकिलातीकडून ते तपासून त्यावर शेरा घ्यावा लागे. पुढच्या विद्यार्थी-व्हिसाचे बीज या शेऱ्यात होते. १९०० साली अमेरिकेच्या कोषागार खात्याने ‘विद्यार्थी’ कोणाला म्हणावे हेही ठरवून टाकले: मायदेशी सोय नसलेले उच्च शिक्षण घेण्यासाठी येणारा, स्वतःचा खर्च भागवू शकणारा आणि शिक्षण संपताच परतणारा. यातल्या खर्चाच्या आणि परतीच्या अटी आजही कायम आहेत.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा भारतीयांवर असे बंधन नव्हते. परत येण्याची अट त्यांनाही होती, पण ती घातली होती शिष्यवृत्ती देणाऱ्या बडोदा संस्थानाने. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. चारच वर्षांनी चित्र पालटले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली आणि अपवादांच्या यादीत पुन्हा विद्यार्थी आले. युद्धकाळातली खबरदारी म्हणून त्याच वर्षी व्हिसाची सक्ती सुरू झाली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही.

१९२१ साली देशवार कोटा ठरला, तेव्हा विद्यार्थीही त्या कोट्यात अडकू लागले. १९१९ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन या संस्थेने त्यांना कोट्याबाहेर काढावे असा आग्रह धरला. १९२४ च्या कायद्यात ते झाले. विद्यार्थी किमान १५ वर्षांचा असावा, त्याचा हेतू केवळ शिक्षणाचा असावा, त्याने निवडलेली शिक्षणसंस्था सरकारमान्य असावी आणि त्याने शिक्षण सोडले की संस्थेने सरकारला कळवावे, अशा अटी त्यात होत्या. परदेशी विद्यार्थ्यावर लक्ष ठेवण्याचे काम कॉलेजांच्या गळ्यात पडले ते तेव्हापासून. १९२३ च्या थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले होते आणि अशा अपात्रांना १९२४ च्या कायद्याने कायमच्या वास्तव्याची वाट बंद केली. विद्यार्थ्यांची वाट मात्र उघडी राहिली. १९४६ साली भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला, तोवर ही स्थिती टिकली.

आजच्या व्हिसांची अक्षरे १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधून आली. तात्पुरत्या मुक्कामासाठी येणाऱ्यांचे वर्ग त्यात अक्षरांच्या क्रमाने दिले आहेत: ए म्हणजे राजनैतिक अधिकारी, बी म्हणजे पर्यटक वा कामानिमित्त येणारे, एफ म्हणजे विद्यार्थी. पुढे १९६१ साली शैक्षणिक आदानप्रदानासाठी जे, तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यवसायशिक्षणासाठी एम हे वर्ग जोडले गेले. एफ वर्गाची व्याख्या सांगते, की विद्यार्थ्याचे परदेशात घर असले पाहिजे आणि ते कायमचे सोडण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. याच कायद्याचे कलम २१४(बी) व्हिसासाठी आलेल्या अर्जदाराला कायमचे राहायला निघालेला समजूनच चालते. तसे नाही हे अर्जदाराने पटवायचे असते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन बाहेर पडलेला मुलगा ‘टू-फोर्टीन-बीमध्ये गेलं’ असे सांगतो, तेव्हा नकार याच कलमाखाली आलेला असतो.

व्हिसा आणि स्टेटस यांत विद्यार्थ्यांची नेहमी गफलत होते. पासपोर्टवरचा व्हिसा हा केवळ सीमेवर जाऊन प्रवेश मागण्याचा परवाना असतो. प्रवेश मिळाल्यावर ज्या हक्काने तिथे राहायचे, ते स्टेटस. ते टिकवायचे तर पूर्णवेळ शिकावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ साधारणपणे सत्राला १२ क्रेडिट असा होतो. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. स्टेटस शाबूत असेल, तर अमेरिकेत असताना व्हिसाची मुदत संपली तरी बिघडत नाही. नवा व्हिसा लागतो तो बाहेर जाऊन परत येताना. बऱ्याच काळापासून विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदीवर तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी अक्षरे असतात. अभ्यासक्रम नियमाने चालू असेतो राहता येईल, असा त्यांचा अर्थ. शिक्षण संपल्यावर आवराआवरीसाठी ६० दिवस मिळतात.

नोंदींची व्यवस्था कागदावर होती तोवर ढिसाळच राहिली. १९७९ साली तेहरानमध्ये अमेरिकी अधिकारी ओलीस धरले गेले, तेव्हा देशातल्या सर्व इराणी विद्यार्थ्यांनी कार्यालयात येऊन नोंद करावी, असा आदेश काढावा लागला. १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर बाँबस्फोटातील एक आरोपी विद्यार्थी-व्हिसावर आलेला आणि कॉलेज सोडून दिलेला निघाला. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने संगणकीय नोंदणी बंधनकारक केली, पण ती प्रायोगिक पातळीवरच रेंगाळली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले, त्या दिवशी फ्लोरिडातील एका विमानप्रशिक्षण शाळेला मृत अपहरणकर्त्यांपैकी दोघांचे विद्यार्थी-स्टेटस मंजूर झाल्याची पत्रे पोचली आणि सरकारची नाचक्की झाली.

२००३ साली सेव्हिस ही संगणक-प्रणाली लागू झाली, ती या पार्श्वभूमीवर. प्रवेश देणारे कॉलेज आय-२० हा विद्यार्थी-व्हिसासाठीचा दाखला सेव्हिसमधूनच काढते. अभ्यासक्रमाची सुरुवात आणि शेवट, एकूण खर्च, तो कोण उचलणार आणि कॉलेजातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही एवढे सगळे त्यावर असते. या अधिकाऱ्याला विद्यार्थी ‘डीएसओ’ म्हणतात. सुट्टीत घरी येण्याआधी त्याची प्रवासासाठीची सही आहे ना, हे पाहावे लागते. पत्ता बदलला तर विद्यार्थ्याने १० दिवसांत कळवायचे आणि त्याने शिक्षण सोडले तर ते कॉलेजने कळवायचे. १९२४ चेच बंधन संगणकावर आले.

शिक्षणानंतरच्या कामाची मुभाही जुनी आहे. ‘प्रत्यक्ष प्रशिक्षणा’ची तरतूद १९४७ च्या नियमांत होती. १९९२ पासून ती १२ महिन्यांच्या ओपीटीच्या (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग) रूपात आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांना २००८ साली १७ महिन्यांची वाढ मिळाली आणि २०१६ पासून ती २४ महिने झाली. पुढचा टप्पा म्हणजे १९९० च्या कायद्याने घडवलेला एच-१बी हा नोकरीसाठीचा व्हिसा. या व्हिसाला परतीच्या इराद्याची अट नाही. त्यामुळे एफ-१ घेताना परत येईन असे पटवून देणाऱ्यालाच काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज उघडपणे करता येतो.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारत पहिल्या स्थानावर आला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने डी/एस रद्द करून मुक्कामाला जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्यानुसार अधिक काळ शिकायचे तर मुदतवाढीचा अर्ज थेट सरकारकडे करावा लागेल. असा प्रस्ताव २०२० सालीही आला होता आणि पुढच्या वर्षी तो मागे घेण्यात आला होता.