भाषिक अल्पसंख्याक कोण? विश्वस्त मंडळ की दगडखाणीवरचे मूल?

८ डिसेंबर १९४८. संविधान सभेत मसुद्यातील अनुच्छेद २३ वर चर्चा सुरू होती. पुढे त्याचेच अनुच्छेद २९ आणि ३० झाले. 'अल्पसंख्याक' हा शब्द केवळ तांत्रिक अर्थाने घेऊ नका, असे बाबासाहेबांनी सभेला सांगितले. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले किंवा महाराष्ट्रातले बंगालात गेले, तर तेही भाषा व संस्कृतीच्या अंगाने अल्पसंख्याकच ठरतात, हे त्यांचे उदाहरण होते. म्हणजे या हक्काच्या केंद्रस्थानी परमुलखात गेलेला माणूस होता.

पण सरकारने कोणावर परकी संस्कृती लादू नये, एवढेच बंधन त्या अनुच्छेदात होते. शाळा काढण्याची जबाबदारी नव्हती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आणला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने आणि स्थानिक संस्थेनेही प्रयत्न करावा, असे तो सांगतो.

आता नवी मुंबई पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर बाहेरून आलेल्यांचे शहर उभे राहिले. १९९२ मध्ये महापालिका आली. तिच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमांत चालतात, हे चांगलेच आहे. पण दगडखाणींवर राबणाऱ्या वडार, बंजारा कुटुंबांचे काय? घरात वडारी किंवा गोरबोली बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात मुके होते. त्याच्यासाठी ३५०-क अजून कागदावरच आहे.

दुसरीकडे काय घडले? शिक्षण हक्क कायदा २००९ ने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून पूर्ण वगळल्या. भाषिक अल्पसंख्याक दर्जा विश्वस्त कोण आहेत हे पाहून मिळतो, शाळेचे माध्यम मात्र इंग्रजी असू शकते. भाषा राहिली पाटीवर, सवलत गेली संस्थाचालकाकडे! सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना सूट देणारी राज्य सरकारची ९ फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. प्रमतीची वाट मात्र उघडीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

आम्ही अनुच्छेद ३० च्या विरोधात नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध समाजाला तो हवाच. आमचा विरोध त्याच्या धंद्याला आहे. जी शाळा आपली भाषा शिकवत नाही, तिला भाषेच्या नावाने सूट कशासाठी? महापालिकेने बालवाडीपासून मुलाची बोली जाणणाऱ्या, त्याच वस्तीतल्या ताई नेमाव्यात. तरुणांनी आपापल्या प्रभागात हे निवेदन द्यावे, पाठपुरावा करावा. बाबासाहेबांनी हक्क माणसाला दिला होता, ट्रस्टच्या शिक्क्याला नव्हे.

जय भीम! जय संविधान!